मोटारीच्या थरथरीचा इतिहास

मोटारगाडी सपाट रस्त्यावरून शांतपणें चाललेली असावी, पुढचा मार्ग मोकळा पाहून चालकानें वेग वाढविण्यासाठीं पाय दाबावा, आणि त्याच क्षणीं गाडीच्या सर्वांगांत एक थरथर भरावी. पाय उचलतांच ती जशी आली तशी नाहींशी व्हावी, हा अनुभव चारी चाकांना शक्ति पुरविणाऱ्या गाड्यांच्या मालकांना अपरिचित नाहीं. असा मालक गाडी घेऊन दुरुस्तीच्या कारखान्यांत जातो. एक कारागीर चाकांचा तोल पाहतो, दुसरा टायर बदलावयास सांगतो, तिसरा इंजिनाकडे बोट दाखवितो. एकामागून एक भाग बदलले जातात, पैसा खर्च होतो, आणि थरथर मात्र कायम राहते. याचें कारण कारागिराचें अज्ञान हेंच नेहमीं असतें असें नाहीं. अशा गाडींत इंजिनापासून चाकांपर्यंत शक्ति नेणारे दांडे आणि सांधे इतके असतात, कीं नुसत्या अंदाजानें दोषी भाग सांपडणें ही दैवाधीन गोष्ट होऊन बसते. ती दैवाधीन राहूं नये म्हणून विद्वानांनीं आणि कारागिरांनीं गेल्या साडेतीनशें वर्षांत एक मार्ग आंखून ठेवला आहे. तो मार्ग मोजण्याचा होय.

बैलगाडींत हा प्रश्न मुळींच उद्भवत नाहीं. बैल पुढून ओढतात आणि चाकें नुसतीं मागून फिरत येतात. चाकापर्यंत फिरती शक्ति नेण्याचें तेथें प्रयोजनच नसतें. मोटारींत याच्या उलट स्थिति असते. तेथें चाकच गाडीला पुढें ढकलतें. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर बसविलेलें, आणि चाकें खाचखळग्यांबरोबर वरखालीं होणारीं. त्यांतून पुढचीं चाकें उजवीडावीकडेही वळणारीं. तेव्हां इंजिनापासून चाकापर्यंत एकच सरळ दांडा घालून भागत नाहीं. तो मध्यें कोठें तरी वांकला पाहिजे, आणि वांकलेला असतांही फिरत राहिला पाहिजे. हें काम करण्यासाठीं दोन दांड्यांच्या टोकांना दोन दुबेळकीं बसवून त्यांच्यामध्यें अधिक चिन्हाच्या आकाराचा एक तुकडा घालतात. मोटारीच्या कारखान्यांतील आपले लोक त्या तुकड्यास ‘क्रॉस’ म्हणतात, आणि सबंध सांध्यास युनिव्हर्सल जॉइंट हें नांव आहे. थरथरीची कथा याच सांध्यापासून सुरू होते.

युरोपांतील पुष्कळ देशांत या सांध्याला कार्दानोचें नांव चिकटलें आहे. जेरोलामो कार्दानो (१५०१–१५७६) हा इटलींतील वैद्य व गणितज्ञ. एकांत एक बसविलेल्या कड्यांच्या टांगणीचें वर्णन त्यानें आपल्या ग्रंथांत केलें. जहाज कितीही हेलकावलें तरी होकायंत्र समपातळींत राहावें म्हणून अशी टांगणी वापरीत. कड्यांची ही युक्ति त्याच्याही पूर्वींची आहे. तथापि नांव मात्र त्याचें राहिलें. पुढें १६६४ सालीं गास्पार शॉट या जर्मन जेसुइट पंडितानें आपल्या ग्रंथांत शक्ति वळवून नेणाऱ्या सांध्याचें वर्णन दिलें, आणि त्याबरोबर असें प्रतिपादन केलें कीं, या सांध्यांतून गति जशीच्या तशी पलीकडे पोंचते. एका दांड्याचा फेरा पुरा होतो त्याच वेळीं दुसऱ्याचाही पुरा होतो, हें डोळ्यांनीं पाहिल्यावर असें वाटणें स्वाभाविकच होय. परंतु तें खरें नव्हतें.

ही चूक उघडकीस आणण्याचें श्रेय इंग्लंडमधील रॉबर्ट हूक (१६३५–१७०३) यास आहे. हूक हा रॉयल सोसायटीचा प्रयोगाधिकारी होता. १६६७ ते १६७५ या काळांत त्यानें या सांध्याची कसून परीक्षा केली. त्याला असें आढळून आलें कीं, पहिला दांडा अगदीं एकसारख्या गतीनें फिरत असला तरी दुसरा दांडा तसा फिरत नाहीं. प्रत्येक फेऱ्यांत तो दोनदां पुढें धांवतो आणि दोनदां मागें रेंगाळतो. फेरा बरोबर पुरा होतो, पण फेऱ्याच्या पोटांत गति चढतउतरत असते.

असें कां व्हावें हें समजण्यास गणिताची आवश्यकता नाहीं. घरांतील एक थाळी पुरे. थाळीच्या कांठावर घड्याळाच्या तबकडीप्रमाणें समान अंतरावर बारा खुणा कराव्या. थाळी डोळ्यांसमोर सरळ धरली तर खुणा सारख्या अंतरावर दिसतात. तीच थाळी थोडी तिरपी धरली कीं वर्तुळ लंबगोल दिसूं लागतें, आणि खुणांचीं अंतरें विषम भासतात. लंबगोलाच्या दोन लांबट टोकांपाशीं खुणांची दाटी होते, आणि मधल्या दोन बाजूंना त्या विरळ होतात. तिरप्या थाळीच्या कांठावरून सारख्या चालीनें चालणारी मुंगी समोरून पाहणारास कधीं मंद, कधीं जलद फिरतांना दिसेल. वांकलेल्या सांध्यांतील क्रॉसची हकीकत नेमकी हीच आहे. सूर्याच्या वार्षिक मार्गाची पातळीही विषुववृत्ताच्या पातळीशीं सुमारें साडेतेवीस अंशांनीं कललेली आहे, आणि त्या कलामुळें सूर्याच्या गतींत जो चढउतार भासतो त्याचें गणित या सांध्याच्या गणिताशीं तंतोतंत जुळतें. म्हणून हूकनें सांध्याचा हा दोष छायायंत्राच्या कामीं गुण म्हणून वापरण्याची कल्पना मांडली. १६७६ सालच्या त्याच्या पुस्तकांत ‘युनिव्हर्सल जॉइंट’ हें नांव प्रथम आढळतें, आणि इंग्रजी भाषेंत हा सांधा अद्यापि हूकच्या नांवानेंही ओळखला जातो.

हा चढउतार किती असतो? दोन दांड्यांमधील कोन दहा अंशांचा असेल तर गति शेंकडा दीडनें कमी व शेंकडा दीडनें अधिक होत राहते. हा फरक किरकोळ वाटेल. परंतु कोन तीस अंशांचा झाला कीं ती शेंकडा १३ नें घटते आणि शेंकडा १५ नें वाढते. कोन वाढेल तसा दोष नुसता वाढत नाहीं, तर झपाट्यानें वाढतो. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढील सर्व इतिहास या एका गोष्टीभोंवतीं फिरतो.

दोष शोधणाऱ्या हूकनेंच १६८३ सालीं त्यावर उपाय सुचविला. एका सांध्याऐवजीं दोन सांधे घ्यावे आणि त्यांच्यामध्यें एक मधला दांडा ठेवावा. पहिला सांधा ज्या क्षणीं गति वाढवितो त्याच क्षणीं दुसऱ्यानें ती तितकीच घटवावी, म्हणजे शेवटच्या दांड्यास सम गति मिळेल. मात्र यास अटी आहेत. मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचीं दुबेळकीं एकाच पातळींत असलीं पाहिजेत, आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असले पाहिजेत. यांतील एक अट मोडली कीं चूक फिटत नाहीं, आणि तिचें रूपांतर कंपांत होतें. शिवाय अटी पाळल्या तरी मधला दांडा स्वतः चढउतार सोशीतच राहतो. म्हणून कोन शक्य तितके लहान ठेवावे लागतात. आजच्या गाडीचा लांब दांडा याच नियमाखालीं फिरतो, आणि त्याचा कंप बहुधा या जुन्या अटींपैकीं एखादी मोडल्याचीच खूण असतो.

मोटारगाडीच्या आरंभकाळीं पुष्कळ गाड्यांत शक्ति सांखळीनें चाकांपर्यंत नेत. अमेरिकेंत क्लॅरेन्स स्पायसर यानें १९०३ सालीं बंदिस्त व वंगण टिकवून धरणाऱ्या युनिव्हर्सल सांध्याचें पेटंट मिळविलें, आणि दुसऱ्याच वर्षीं त्याच्या उत्पादनास आरंभ केला. फिरता दांडा मोटारींत रूढ झाला त्यांत या सांध्याचा मोठा वांटा आहे. त्याच १९०३ सालीं नेदरलंडमधील स्पायकर बंधूंनीं सहा सिलिंडरांची आणि चारी चाकांना शक्ति पुरविणारी गाडी तयार केली. ती हेग येथील लाउमन संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे.

चारी चाकें चालवावयाचीं म्हणजे पुढचीं चाकेंही चालविणें आलें, आणि खरी अडचण तेथेंच होती. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा थोड्या अंशांनीं वांकला म्हणजे पुरे; परंतु पुढचें चाक वळतांना तीस अंशांच्या आसपास वळतें. एवढ्या कोनांत साधा सांधा घातला तर शेंकडा १३ नें उणी आणि १५ नें अधिक अशी गति चाकाच्या वांट्यास येते, आणि चालकाच्या हातांतील चक्र उसळूं लागतें. विस्कॉन्सिन संस्थानांतील क्लिंटनव्हिल या लहानशा गांवीं ऑटो झॅको व विल्यम बेसरडिक या दोघां मेहुण्यांनीं या अडचणीशीं झुंज घेतली. ते यंत्रकाम करणारे कारागीर होते. वळणाऱ्या चाकाचा सांधा त्यांनीं गोलाकार आवरणांत बसविला आणि १९०८ सालीं पेटंट मिळविलें. त्यांच्या उद्योगांतून उभ्या राहिलेल्या कंपनीच्या मालमोटारी पहिल्या महायुद्धांत चिखलाच्या रस्त्यांवरून हजारोंच्या संख्येनें धांवल्या. चिखलांत सांध्याची सूक्ष्म थरथर कोणाच्या ध्यानांत येणार! तेथें गाडी रुतली नाहीं हेंच पुष्कळ होतें.

यानंतरच्या दशकांत अनेक देशांतील बुद्धिमान लोक एकाच ध्येयाच्या मागें लागले. सांधा कितीही वांकला तरी गति सम राहावी, हें तें ध्येय. यामागील तत्त्व सोपें आहे. दोन दांडे जेथें एकमेकांस रेटतात ते स्पर्शबिंदु त्यांच्यामधील कोन बरोबर दुभागणाऱ्या पातळींत राहिले पाहिजेत. तसें झालें म्हणजे एक बाजू दुसऱ्या बाजूचें आरशांतील प्रतिबिंब होते. आणि प्रतिबिंब जसें मूळ वस्तूच्या पुढें धांवूं शकत नाहीं कीं मागें राहूं शकत नाहीं, तसा दुसरा दांडाही पहिल्याशीं तोल राखूनच फिरतो. फ्रान्समध्यें पिएर फनाय व झां-आल्बेर ग्रेग्वार यांनीं १९२६ च्या सुमारास ट्रॅक्टा नांवाचा सांधा बनविला, आणि १९२७ सालीं ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत त्यांची पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी गाडी धांवली. अमेरिकेंत कार्ल वाइस व आल्फ्रेड झेप्पा यांनीं पोलादी गोळ्यांचे सांधे शोधून काढले. झेप्पाच्या सांध्यांत सहा गोळ्या वक्र खांचांतून सरकतात, आणि एक पिंजरा त्यांना त्या दुभाजक पातळींत धरून ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धांत जीप गाडी निघाली. युद्धाची गरज एवढी मोठी होती कीं कोणत्याही एका सांध्यावर अवलंबून राहणें शक्य नव्हतें. म्हणून पुढच्या चाकांसाठीं बेंडिक्स-वाइस, झेप्पा, ट्रॅक्टा आणि स्पायसर असे चार प्रकारचे सांधे निरनिराळ्या जीपगाड्यांत बसविण्यांत आले. अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. महाराष्ट्राचा या इतिहासाशीं संबंध येतो तो येथें. १९४५ सालीं लुधियाना येथें स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत मुंबईंत जीपगाड्यांची जोडणी सुरू केली, आणि घाटांतील व खेड्यापाड्यांतील कच्च्या वाटांवर या सांध्यांची सत्त्वपरीक्षा झाली.

पुढें १९५९ सालीं इंग्लंडांत मिनी ही लहान गाडी निघाली. पुढचीं चाकें चालविणाऱ्या या गाडींत झेप्पाच्या जातीचे सांधे होते, आणि तेथून हा सांधा घरोघरच्या गाडींत शिरला. फ्रान्समध्यें मिशेल ओरां यानें तीन रुळांचा सांधा तयार केला. चाकाच्या बाजूस गोळ्यांचा सांधा आणि आंतल्या बाजूस तीन रुळांचा, अशी जोडी पुष्कळ गाड्यांत रूढ झाली. कारण रुळांचा सांधा वांकतो त्याबरोबर आंतबाहेर सरकतोही. याच सुमारास चारी चाकें चालविण्याची पद्धति रानांतून शहराच्या रस्त्यावर आली. १९६६ सालची जेन्सन, १९७२ सालची सुबारू आणि १९८० सालची आउडी क्वात्रो या तिच्या प्रवासांतील खुणा होत. गुळगुळीत रस्ता आणि मोठा वेग यांच्यामुळें जी थरथर पूर्वीं कोणास जाणवत नसे ती आतां स्पष्ट जाणवूं लागली. सांधे सुधारले, पण संख्येनें वाढलेही. एका गाडींत चाकांकडे जाणाऱ्या चार आंसांचे मिळून आठ सांधे, शिवाय मधल्या लांब दांड्याचे दोन-तीन. आणि त्यांतला दोषी कोण हें बाहेरून दिसत नाहीं.

येथें दुसऱ्या एका इतिहासाचा धागा येऊन मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या आगबोटींचे जाड पोलादी दांडे अकल्पितपणें मोडत असत. हाम्बुर्ग येथील हेर्मान फ्राम या इंजिनियरानें चालत्या बोटींवर मोजमापें घेऊन १९०२ सालीं दाखवून दिलें कीं, दांड्याला पिळणारे झटके आणि दांड्याची स्वाभाविक आंदोलनगति यांची संख्या जुळली कीं लहान झटकेही भयंकर रूप धारण करतात. फ्रामच्या नांवानें ओळखलें जाणारें एक साधन फार सुबोध आहे. बाजाच्या पेटींतील पट्ट्यांप्रमाणें त्यांत पोलादी पट्ट्यांची एक रांग असते, आणि प्रत्येक पट्टी एका विशिष्ट संख्येलाच थरारते. साधन थरथरणाऱ्या वस्तूवर ठेवलें कीं जी पट्टी डोलूं लागेल तिच्यावरील आंकडा हा कंपाचा आंकडा. अशाच पट्ट्यांचीं साधनें पुढें मोटारींच्या दुरुस्तींतही वापरण्यांत आलीं. आज तेंच काम विजेचीं सूक्ष्म उपकरणें करतात. तत्त्व मात्र तेंच आहे.

कंपाचा आंकडा हातीं आला कीं पुढचें काम शाळेंतील त्रैराशिकाचें आहे. समजा, चाकाचा परीघ दोन मीटर आहे आणि गाडी ताशीं ७२ किलोमीटर वेगानें चालली आहे. म्हणजे सेकंदास २० मीटर. अर्थात् चाक सेकंदास १० फेरे घेतें. चाकाच्या एका फेऱ्यास लांब दांड्याचे चार फेरे होत असतील, तर दांडा सेकंदास ४० वेळां फिरतो. आतां उपकरणानें १० हा आंकडा दाखविला तर दोष चाकांत किंवा टायरांत शोधावा. ४० दाखविला तर दांड्याचा तोल गेला असावा, किंवा तो वांकला असावा. ८० दाखविला तर हूकचा नियम आठवावा. फेऱ्यांत दोनदां होणारा हा धक्का क्रॉसच्या सांध्याचा, त्याच्या कोनाचा अथवा झिजेचा होय. आणि ३० हा आंकडा आला तर चाकाच्या एका फेऱ्यांत तीन धक्के बसत आहेत. तीन रूळ ज्यांत आहेत तो आंतला सांधा तपासावा. इंजिनाची गति याच्या आड येऊं शकते. कित्येकदां इंजिन व दांडा एकाच गतीनें फिरतात, तेव्हां आंकडा कोणाचा हें ठरत नाहीं. अशा वेळीं गाडीचा वेग तोच ठेवून गिअर बदलावा. कंपाचा आंकडा इंजिनाबरोबर बदलला तर दोष इंजिनाकडचा. न बदलला तर दांड्याचा किंवा चाकांचा.

उपकरण हाताशीं नसलें तरी विचारी चालकास पुष्कळ कळूं शकतें. मोकळ्या व सुरक्षित रस्त्यावर थरथरीच्या वेगापर्यंत जाऊन पाय उचलून पाहावा. थरथर तशीच राहिली तर ती गाडीच्या वेगाशीं बांधलेली आहे, आणि चाकें, टायर व दांड्याचा तोल यांकडे पाहावें. वेग तोच, पण थरथर पाय उचलतांच नाहींशी झाली, तर ती भाराशीं बांधलेली आहे. पाय दाबतांच सांध्यांवर पीळ येतो, झिजलेल्या खांचांत रूळ अडखळूं लागतात, इंजिन आपल्या रबरी बैठकींवर कलतें आणि मागच्या आंसाची पेटी नाक वर करते. म्हणजे भार पडतांच सर्व कोन बदलतात. बैठकीचें रबर विरलेलें असेल, किंवा गाडी उंच करण्यासाठीं स्प्रिंगा बदललेल्या असतील, तर हे कोन मर्यादेबाहेर जातात, आणि हूकनें घातलेली समान कोनांची अट मोडते. वळतांना कटकट असा आवाज आला तर चाकाजवळचा गोळ्यांचा सांधा झिजलेला असावा. सरळ जातांना वेग वाढवितेवेळीं गाडीचें अंग आडवें हललें तर आंतला सांधा पाहावा. चारी टायर सारखे झिजलेले नसले तर त्यांचे परीघ भिन्न होतात, आणि पुढच्या व मागच्या आंसांना जोडणारें मधलें यंत्र विनाकारण पिळलें जाऊन हळू वळणांत गचके बसतात.

एक इशारा येथें अवश्य दिला पाहिजे. अशा गाडीचीं दोनच चाकें उचलून इंजिन चालवूं नये. जमिनीवरील चाकांना शक्ति पोंचून गाडी टेकूंवरून उडी घेऊं शकते. चारी चाकें उचललीं तरी लोंबकळणाऱ्या आंसांचे कोन रस्त्यावरील कोनांसारखे नसतात, आणि परीक्षा फसवी ठरते.

थरथरीकडे दुर्लक्ष करण्याची किंमत मोठी असूं शकते. क्रॉस झिजत झिजत तुटला आणि धांवत्या गाडीचा दांडा पुढच्या टोकानें निसटून रस्त्यांत रुतला, तर गाडीचा ताबा सुटून प्राणावर बेततें. उलट, वेळीं पाहिलें तर पुष्कळ रोग स्वस्तांत बरे होतात. गोळ्यांच्या व रुळांच्या सांध्यांवर रबराची एक चुणीदार पिशवी असते. ती फाटली कीं आंतलें ग्रीस उडून जातें, धूळ शिरते आणि आरशाच्या तत्त्वावर घडविलेला तो सांधा दगडी जात्यासारखा स्वतःलाच दळूं लागतो. खाली वांकून पाहिलें तर चाकाच्या आंतल्या बाजूस उडालेलें काळें ग्रीस कोणासही दिसेल.

शॉट हा विद्वान् होता. पण सबंध फेरा सबंध फेऱ्याशीं जुळला एवढ्यावर तो थांबला. हूक फेऱ्याच्या पोटांत शिरला आणि त्यानें अंश अंश मोजला. भाग बदलीत बसणारा कारागीर आणि आधीं कंप मोजणारा कारागीर यांच्यांतही एवढेंच अंतर आहे. पहिल्याच्या हातीं गाडी दिली तर बरी होण्यास वेळ व पैसा किती लागेल याचा नेम नसतो. दुसरा आधीं विचारतो कीं, थरथर कोणत्या वेगाला होते, भारावर होते कीं भाराशिवाय, आणि चाकाच्या एका फेऱ्यांत कितीदां होते. या तीन प्रश्नांचीं उत्तरें घेऊन मगच तो पाना हातांत धरतो.